कोयनेची पातळी कशी वाचायची: नदीकाठच्या माणसाच्या वहीतला हिशेब

जुलैचा दुसरा आठवडा लागला की कृष्णाकाठच्या प्रत्येक गावात सकाळी नऊच्या आत मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. साधारण असा:

कोयना धरण, सकाळी ८ वाजता. पातळी २१४८ फूट. साठा ८६.०० टीएमसी (८१.७१ टक्के). आवक ४२,००० क्युसेक. पायथा वीजगृह विसर्ग २,१०० क्युसेक. पाऊस : कोयना १२४ (२,९१०), नवजा १५१ (३,३४०), महाबळेश्वर १३८ (३,०८०) मिमी.

(हे आकडे कुठल्याही खऱ्या दिवसाचे नाहीत. गणित करून दाखवायला मी मांडलेले आहेत. लेखभर हेच वापरू. टीएमसी हे साठ्याचं माप, क्युसेक हे वाहण्याच्या वेगाचं; दोन्ही पुढे उलगडू. पायथा वीजगृह म्हणजे धरणाच्या पायथ्याचं, ज्यातून पाणी नदीत जातं ते.)

बहुतेक जण यातला एकच आकडा वाचतात: टक्केवारी. "ऐंशीच्या वर गेलं, आता सोडणार." माझ्या मते अख्ख्या मजकुरात सगळ्यांत कमी कामाचा आकडा तोच. ऐंशी टक्के २० जुलैला असणं आणि ऐंशी टक्के १० सप्टेंबरला असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं नदीकाठच्या मळीवाल्याची, म्हणजे काठालगत शेत असलेल्याची, झोप उडवतं. दुसरं टेंभू-ताकारी-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावर ऊस लावलेल्याची उडवतं.

तेव्हा हा मजकूर सावकाश, एकेक आकडा घेऊन वाचू. साधी वही, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरेल.

आधी वही आखा

सात रकाने करा: तारीख, पातळी, एकूण साठा, कालपासूनचा फरक, पूर्वेकडचा विसर्ग, पश्चिमेकडचा वापर, पाऊस. आकडे नेहमी सकाळी ८ चेच घ्या. दुपारी चार वाजताचा आकडा दुसऱ्या दिवशीच्या सकाळी आठशी जोडलात तर सोळा तासांची वाढ चोवीस तासांची म्हणून मांडाल आणि पुढचं सगळं चुकेल. पावसाळ्यात पातळी तासातासाला कळवतात, ती मागच्या पानावर वेगळी लिहा.

पश्चिमेकडचा वापर म्हणजे विजेसाठी बोगद्यानं कोकणात वळवलेलं पाणी. हा रकाना रोज भरता येत नाही, कारण तो आकडा रोजच्या मजकुरात क्वचितच असतो. तरीही जागा ठेवा. उन्हाळ्यात तोच सगळ्यांत महत्त्वाचा ठरतो.

न बदलणारे आकडे

हे वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फूट ६ इंच, म्हणजे ६५९.४३ मीटर. त्या पातळीला एकूण साठा १०५.२५ टीएमसी. त्यातला ५.१२ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाचा, एरवी न वापरायचा; उरलेला १००.१३ उपयुक्त. सांडव्याचा, म्हणजे जादा पाणी जिथून सोडतात त्या भागाचा, माथा २१३३ फूट ६ इंचांवर. पाणलोट क्षेत्र ८९१.७८ चौरस किलोमीटर.

सांडव्याचा माथा आणि पूर्ण पातळी यांत बरोबर ३० फुटांचं अंतर आहे. त्यातले २५ फूट मूळच्या सहा वक्र दरवाजांचे, आणि ५ फूट नंतर त्या दरवाजांवर बसवलेल्या फ्लॅपचे, म्हणजे जादा झडपांचे. फ्लॅप बसण्याआधी धरणाची पूर्ण पातळी २१५८ फूट ६ इंच होती आणि क्षमता ९८.७८ टीएमसी. म्हणून एखाद्या तक्त्यात कोयनेची पूर्ण पातळी ६५७.९१ मीटर दिसली तर छापणाऱ्याची चूक समजू नका. ती जुनी पातळी आहे. एकाच दिवशी दोन ठिकाणी दोन टक्केवाऱ्या दिसतात, त्याचं एक कारण हेच.

या पाच फुटांनी ६.४७ टीएमसी पाणी वाढवलं. तारळी धरणाचा अख्खा साठा ५.८५ टीएमसीचा आहे. म्हणजे कोयनेच्या डोक्यावरच्या पाच फुटांत एक तारळी मावून वर थोडं उरतं. पातळीचे इंच मोजताना हे लक्षात ठेवलं की इंचाला इंच म्हणून हसावंसं वाटत नाही.

फूट, टीएमसी, क्युसेक: तिन्ही एका धाग्यात

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. हा साठा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. हा वेग. कणगीतल्या धान्याची रास आणि मापाने ओतायची गती यांत जो फरक, तोच. "धरणात चाळीस हजार क्युसेक पाणी आहे" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा, पण त्याचा आकडा वहीत लिहू नका.

दोघांना जोडणारा आकडा पाठ करा: ११,५७४. इतके क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. शंभर कोटीला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा, हाच आकडा येतो. त्यावरून ५०,००० क्युसेक म्हणजे दिवसाला ४.३२ टीएमसी, आणि पायथा वीजगृहाचे २,१०० म्हणजे दिवसाला ०.१८.

आता पातळी. धरण खाली निमुळतं आणि वर पसरट असतं, त्यामुळे एका फुटाची किंमत सगळीकडे सारखी नाही. वरच्या पाच फुटांत ६.४७ टीएमसी बसतं, म्हणजे एका फुटाला सुमारे १.२९ आणि एका इंचाला ०.१०८ टीएमसी. खाली उतरू तसा फूट स्वस्त होत जातो. म्हणून एप्रिलमध्ये पातळी भराभरा उतरताना दिसते तेव्हा वापर वाढलाच असेल असं नाही. भांडं अरुंद झालेलं असतं.

याचा पावसाळ्यातला उपयोग मोठा आहे. धरण जवळपास भरलेलं असताना पातळी तासाला एक इंच चढत असेल, तर जाणारं पाणी वजा करूनही साधारण ३०,००० क्युसेक आत येतं आहे. तासाला दोन इंच म्हणजे साठ हजार. आवकेचा आकडा हाती नसला तरी दोन वेळच्या पातळीवरून अंदाज काढता येतो.

टक्केवारी नक्की कशाची?

८६ टीएमसीला १०५.२५ ने भागलं तर ८१.७१ टक्के येतात. पण मृत साठा दोन्हीकडून वजा केला तर ८०.८८ भागिले १००.१३, म्हणजे ८०.७८ टक्के. फरक एका टक्क्याचा, कुणाला कळणारही नाही. मे महिन्यात हाच फरक पसरतो. एकूण साठा २० टीएमसी असेल तर एकूण क्षमतेच्या हिशेबानं १९ टक्के, उपयुक्तच्या हिशेबानं १४.८६. एका वर्तमानपत्रात एकोणीस, दुसऱ्यात पंधरा, आणि दोन्ही बरोबर.

उजनी धरणाचे आकडे "उणे" कसे जातात हे कोडंही इथंच सुटतं. तिथं मृत साठाच ६३.६५ टीएमसीचा आहे आणि उपयुक्त संपला की त्यातलंही पाणी वापरलं जातं, म्हणून शून्याच्या खाली मोजणी चालू राहते. कोयनेचा मृत साठा त्या मानानं चिमुकला. दोन धरणांच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवून तुलना करण्याआधी एवढं बघा.

वहीत टक्के लिहूच नका, टीएमसी लिहा.

आवक मोजत नाहीत, काढतात

हे पुष्कळांना माहीत नसतं. धरणात येणारं पाणी मोजायला एकच नदी आणि एकच मोजपट्टी नसते. शिवसागराला, म्हणजे कोयनेच्या जलाशयाला, चहूबाजूंनी शेकडो ओढे येऊन मिळतात. त्यामुळे आवक उलट्या हिशेबानं निघते: साठा किती वाढला, त्यात बाहेर किती गेलं ते मिळवा.

आपल्या उदाहरणात काल सकाळी साठा ८२.५५ होता असं धरू. आज ८६.००. वाढ ३.४५ टीएमसी. पायथ्यातून दिवसभर २,१०० क्युसेक गेलं, ०.१८ टीएमसी. पश्चिमेची वीजगृहं त्या दिवशी बंद धरली. एकूण आवक ३.६३ टीएमसी, गुणिले ११,५७४ म्हणजे सुमारे ४२,००० क्युसेक. मजकुरातला आकडा जुळला.

नाही जुळला तर? घाबरू नका. मजकुरातली आवक कधी चोवीस तासांची सरासरी असते, तर कधी शेवटच्या तासाची. शेवटच्या तासाची असेल तर ती उड्या मारते. एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर वारा सुटला की लाटांनी मोजपट्टीवरचं पाणी थोडं हलतं, आणि वर बघितलं तसं तासाला एक इंच चुकला तर तीस हजार क्युसेकचा फरक पडतो. म्हणून "आठ वाजता पंचवीस हजार, नऊ वाजता सत्तर हजार" असं वाचून गावात दवंडी पिटू नका. तीन-चार तासांची सरासरी काढा. मी स्वतः सहा तासांखाली बघत नाही.

पावसाच्या आकड्यांवरून पुढचा दिवस

कंसाबाहेरचा आकडा गेल्या चोवीस तासांचा, कंसातला १ जूनपासूनचा.

संपूर्ण पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि थेंबही जमिनीत मुरला नाही, तर ३.१५ टीएमसी पाणी होतं. ही कमाल मर्यादा. आपल्या तीन ठिकाणांची सरासरी १३७.७ मिलिमीटर, म्हणजे फार तर ४.३४ टीएमसी. प्रत्यक्षात आले ३.६३. पडलेल्या पाण्यातलं चौऱ्याऐंशी टक्के धरणात उतरलं, असं तीन केंद्रांच्या सरासरीवरून दिसतं.

हे प्रमाण वहीत दर आठवड्याला काढत जा. आपल्या मातीची तहान त्यातून कळते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नवज्याला दणकून पाऊस पडतो आणि साठा हलतच नाही, कारण कातळावरची माती आणि जंगल आधी स्वतः पितात. जुलैच्या अखेरीस तेवढाच पाऊस जवळपास सगळा खाली येतो. जूनमधल्या शंभर मिलिमीटरला जो माणूस निर्धास्त होता, तोच जुलैअखेरच्या शंभराला गाफील सापडतो.

दोन खोडी लक्षात ठेवा. नवजा आणि महाबळेश्वर ही घाटमाथ्यावरची, धो-धो पावसाची ठिकाणं. पाणलोटाच्या पूर्व कडेला इतका पाऊस नसतो, म्हणून तिघांची सरासरी खऱ्यापेक्षा जास्तच येते. दुसरं म्हणजे महाबळेश्वरात पडलेलं सगळं पाणी कोयनेचं नाही. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या तिथून निघतात, त्यातल्या दोन तर कोकणात उतरतात. एकाच दिवसाच्या महाबळेश्वरच्या आकड्यावर मी कधीच विसंबत नाही. नवजा आणि कोयना दोन्ही वाढले तरच पेन उचलतो.

मोकळी जागा किती, आणि पाणी जाणार कुठून

नदीकाठच्या माणसासाठी हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, म्हणून इथं थोडं थांबू.

१०५.२५ मधून आजचा साठा वजा करा. ८६ असेल तर १९.२५ टीएमसी मोकळी जागा. रोज निव्वळ ३.४५ वाढ होत असेल तर साडेपाच दिवसांत धरण काठोकाठ. पण कुठलंही धरण काठोकाठ भरेपर्यंत वाट बघत नाही. कोणत्या तारखेला पातळी कुठवर जाऊ द्यायची याची परिचालन सूची ठरलेली असते. जुलैअखेरीस ती वरची जागा रिकामी ठेवायला लावते आणि पावसाळा सरत आला की भरू देते. म्हणून ८१ टक्क्यांनाही दरवाजे उघडतात, आणि सप्टेंबरात ९७ टक्क्यांनाही बंद असतात.

आता तो प्रश्न, जो दर महापुरानंतर पारावर निघतो: "जूनमध्येच पाणी का सोडून दिलं नाही?"

पातळी २१३३ फूट ६ इंचांच्या खाली असेल तर सहाही दरवाजे पूर्ण उचलले तरी थेंब जाणार नाही. दरवाजे सांडव्याच्या माथ्यावर बसलेले आहेत, पाणी माथ्याखाली आहे. त्या वेळी पूर्वेला नदीत सोडायचा मार्ग म्हणजे पायथा वीजगृह आणि जोडीचा विमोचक (पाणी सोडायचं खालचं द्वार). पायथ्याचं एक जनित्र १,०५० क्युसेक सोडतं, दोन्ही मिळून २,१००. एक टीएमसी सोडायला साडेपाच दिवस. दहा टीएमसी जागा करायची तर पंचावन्न दिवस, तेही वरून काहीच आलं नाही तर. पाणी कधी सोडायला हवं होतं यावर जरूर भांडावं, पण पातळी माथ्याच्या वर होती की खाली, हे आधी वहीत बघून मग. माथ्यावर आल्यानंतर निर्णय घ्यायला जागा असते. त्याआधी फारशी नसते.

दरवाजे उघडले की बातमी येते "तीन फुटांनी उघडले." या तीन फुटांना स्वतःचा अर्थ नाही. दरवाजाखालून पाणी किती जोरानं निघेल हे माथ्यावर किती फूट पाणी उभं आहे त्यावर, आणि त्याच्या वर्गमुळावर ठरतं. माथ्यावर ९ फूट पाणी असताना आणि २५ फूट असताना दरवाजे सारखेच उचलले, तर विसर्गाचं प्रमाण ढोबळमानानं ३ ला ५. म्हणून मागच्या वर्षी तीन फुटांना आपल्या घाटाच्या दोन पायऱ्या बुडाल्या म्हणून यंदाही दोनच बुडतील असं नाही. फूट सोडा, क्युसेक विचारा. आणि त्यात पायथ्याचे २,१०० धरलेत की वेगळे, तेही विचारा.

धरणातून निघालेलं पाणी एकटं येत नाही. पाटणला केरा मिळते, पुढे मोरणा आणि वांग, मग कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा. कृष्णा स्वतः धोम, कण्हेर, उरमोडी, तारळीचं पाणी घेऊन आलेली असते. सांगलीच्या तोंडाशी हरिपूरला वारणा मिळते, चांदोली धरणाचा विसर्ग घेऊन. त्यामुळे कोयनेचा विसर्ग तेवढाच राहूनही सांगलीत पाणी चढू शकतं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. वहीत कोयनेच्या विसर्गाशेजारी आयर्विनची पातळी लिहीत जा. दोन पावसाळ्यांत तुमच्या गावाचं गणित हाती येतं: कोयनेत इतकं सुटलं आणि मधल्या नद्या इतक्या असल्या की आपल्याकडं किती तासांनी किती चढतं. ते गणित दुसरं कुणी करून देऊ शकत नाही, कारण प्रत्येक गावाचं पात्र वेगळं.

माझा ठोकताळा सांगतो. मोकळी जागा १५ टीएमसीच्या खाली, आणि कोयना-नवज्याचा पाऊस लागोपाठ तीन दिवस शंभराच्या वर, असं दिसलं की नदीवरची मोटर काढून घ्यायची, पाइप वर ओढायचा आणि मळीतली जनावरं गावात आणायची. एका वर्षी "अजून दरवाजे बंद आहेत" म्हणून मी रात्रीवर टाकलं. पहाटे तीनला कमरेएवढ्या पाण्यात चार माणसांनी मिळून मोटर ओढली, स्टार्टरची पेटी राहिलीच. हा ठोकताळा माझ्या बांधापुरता. प्रशासनाचा इशारा आला की वही बंद करून निघायचं, तिथं वाद घालायचा नाही.

पश्चिमेचा हिशेब: पातळी म्हणजे वीज

कोयनेचं निम्म्याहून अधिक पाणी नदीनं येतच नाही. ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला जातं, पोफळीच्या बाजूला शेकडो मीटर खाली पडतं, वीज करतं, कोळकेवाडीच्या धरणात थांबून पुन्हा वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं या वळवलेल्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. वर्ष मोजायचं १ जून ते ३१ मे.

वीजप्रकल्पाचे टप्पा १ आणि २ मिळून ६०० मेगावॅट, टप्पा ४ चे १,०००, कोळकेवाडीचा टप्पा ३ चा ३२०, आणि पायथ्याचे ४०. एकूण १,९६०.

एका टीएमसीत किती वीज, हे घरी काढता येतं. एक घनमीटर पाणी सुमारे ४७५ मीटरवरून पडलं तर सैद्धांतिक १.२९ युनिट होतात. यंत्राची आणि बोगद्याची घट धरून ८८ टक्के घ्या: १.१४ युनिट. एका टीएमसीत २.८३ कोटी घनमीटर. गुणाकार ३.२ कोटी युनिटच्या आसपास. कोळकेवाडीला तेच पाणी दुसऱ्यांदा पडतं, ते आणखी वर.

आता गंमत बघा. याच हिशेबानं एका मेगावॅटला सुमारे ८.६ क्युसेक लागतात. टप्पा १, २ आणि ४ चे १,६०० मेगावॅट अहोरात्र चालवले तर १३,८०० क्युसेकच्या आसपास, म्हणजे दिवसाला १.१९ टीएमसी. या गतीनं वर्षाचे ६७.५ टीएमसी सत्तावन्न दिवसांत संपतील! वर्षभर पुरवायचे तर सरासरी दिवसाला फक्त ०.१८५ मिळतात. म्हणून ही वीजगृहं चोवीस तास चालवायची नसतातच. संध्याकाळी दिवे, पंखे आणि टीव्ही एकदम लागतात तेव्हा काही मिनिटांत सुरू करायची आणि रात्री थांबवायची. औष्णिक केंद्राला तो चपळपणा नाही. "धरण भरलंय, मग वीज का करत नाहीत?" याचं उत्तर बऱ्याचदा पातळीत नसतं, कोट्यात आणि घड्याळात असतं.

पातळी उतरली की वीज कमी होते का? होते, पण पश्चिमेला फार नाही. धरण ३० मीटर उतरलं तरी ४७५ पैकी ३० म्हणजे सहा टक्के. पायथा वीजगृहाचं तसं नाही. तिथं धरणाची उंचीच १०३ मीटर, त्यात ३० मीटर गेले की मोठा लचका तुटतो. मुळशीचं पाणीही असंच पश्चिमेला कोकणात उतरतं. तिथल्या पातळ्या वाचणाऱ्यांनी हाच हिशेब लावावा.

पातळीची खरी अडचण तळाशी येते. बोगद्याचं तोंड ज्या उंचीवर, त्याच्या खाली पाणी गेलं की ते धरणात असूनही वीजगृहापर्यंत पोचत नाही. म्हणून चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत आणून शेवटचा खडक सुरुंगानं उडवला. हेच ते लेक टॅपिंग, पहिलं १३ मार्च १९९९ ला आणि दुसरं २५ एप्रिल २०१२ ला.

उन्हाळ्याचं पान

१ फेब्रुवारीला बसून पुढचे चार महिने मांडा. पुन्हा नमुन्याचे आकडे: साठा ७० टीएमसी, पश्चिमेला आतापर्यंत ३८ वापरले. कोट्यातले उरले २९.५, दिवस १२०. दिवसाला ०.२४६. पूर्वेच्या सिंचनाला आणि पिण्याला मेअखेर २२ लागतील असं धरू. मृत साठा ५.१२. बाष्पीभवन: पाण्याचा पसारा सरासरी ८० चौरस किलोमीटर आणि रोज ६ मिलिमीटर धरलं तर १२० दिवसांत सुमारे २ टीएमसी. सगळं वजा केलं की ७० मधून ११ च्या थोडं वर उरतात.

हे अकरा म्हणजे पाऊस लांबला तर हाताशी असलेली शिल्लक. ती पाचच्या खाली जाताना दिसली की मार्चपासून पूर्व-पश्चिम ओढाताण सुरू होणार हे समजून घ्या आणि लागवडीचा विचार तेव्हाच करा. जूनच्या भरवशावर उसाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरचं पुढचं पीक) ठेवायचा की नाही, हा निर्णय मी या पानावरून घेतो.

बामणोली-तापोळ्याला बोटिंगला किंवा वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांनीही पातळी बघून निघावं. दिवाळीत जिथं बोट पायरीला लागते, तिथून मे महिन्यात चिखलाचा उतार तुडवत बरंच खाली चालावं लागतं. पाणी उतरल्यावर जुन्या गावांच्या जोत्यांचे दगड वर येतात. धरणानं उठवलेल्या घरांतली माणसं ते बघायला येतात, त्यांना फोटोसाठी बाजूला व्हा म्हणू नका.

३१ मेच्या सकाळचा आकडा लिहून झाला की पश्चिमेच्या रकान्याखाली दुहेरी रेघ मारा. दुसऱ्या दिवशी पान उलटायचं: १ जून, पातळी कालचीच, साठा कालचाच, पश्चिमेचा वापर ०.००, पाऊस कोयना ० (०), नवजा ० (०), महाबळेश्वर ० (०).